न वाचलेल्या प्रश्नाचं काय करायचं?

सगळं वाचून परीक्षेला बसलेला वैद्यकीय विद्यार्थी अजून जन्माला यायचाय. हॅरिसनचे दोन खंड, बेली अँड लव्ह, रॉबिन्स, पार्क, शिवाय सीनियर मंडळींकडून आलेल्या नोट्स. साडेचार वर्षांत हे सगळं एकदा डोळ्यांखालून घालणंही कठीण, आणि घातलं तरी त्यातलं किती राहतं हा प्रश्न उरतोच. म्हणजे पेपरात, एमसीक्यूत किंवा वायव्हात कधीही न वाचलेलं काहीतरी विचारलं जाणार, हे धरूनच चालायला हवं. आपली तयारी मात्र तो प्रश्न येणारच नाही अशा भरवशावर होते. आला, की 'आउट ऑफ सिलॅबस होता' म्हणून हात झटकायचे किंवा पान भरेल इतकं काहीबाही खरडायचं, हे दोनच मार्ग बहुतेकांना ठाऊक असतात. तिसराही एक आहे. असे बहुतेक प्रश्न फक्त नावाने अनोळखी असतात. त्यांच्या आतला मजकूर पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या फिजिऑलॉजी, पॅथॉलॉजी आणि फार्माकॉलॉजीतलाच असतो. तिथपर्यंत उतरता आलं, तर उत्तराचा मोठा भाग जागेवर बसून तयार करता येतो.

एक प्रश्न नीट उलगडून पाहू. रायगड जिल्ह्यातल्या दहा वर्षांच्या मुलाला रात्री विंचू चावला. दोन तासांनी दवाखान्यात आणलं तेव्हा अंगाला दरदरून घाम, तोंडातून लाळ, हातपाय गार, नाडी मिनिटाला १४०, रक्तदाब वयाच्या मानाने बराच जास्त. उपचार कोणता आणि का? समजा, विंचूदंशाचं प्रकरण तुम्ही वाचलेलंच नाही. 'विंचू' या शब्दाचा माग काढत स्मरणशक्ती धुंडाळत बसलात, तर हाती काही लागणार नाही. तो शब्द क्षणभर बाजूला ठेवा आणि पुढची ओळ वाचा. जलद नाडी, वाढलेला रक्तदाब, गार हातपाय, हे सिंपथेटिक मज्जासंस्थेचं काम. लाळ पॅरासिंपथेटिकची. घामग्रंथींच्या नसा सिंपथेटिक, पण त्यांचं रसायन असिटाइलकोलीन. म्हणजे दोन्ही बाजूंच्या नसा एकदम पेटल्या आहेत. विषाने एखादा अवयव गाठलेला नाही, नसांनाच गाठलंय. नस उत्तेजित होते ती सोडियम चॅनल उघडल्यामुळे. तो वेळेवर मिटला नाही तर नस पुन्हापुन्हा संदेश सोडत राहील आणि रक्तात कॅटेकोलामाइनचा पूर येईल. हातपाय गार पडले कारण अल्फा-वन रिसेप्टरमुळे रक्तवाहिन्या आवळल्या. त्या आवळलेल्या वाहिन्यांविरुद्ध हृदयाला पंप करावं लागतंय, म्हणजे पुढचा धोका हृदयाचा आणि फुप्फुसात पाणी भरण्याचा. तेव्हा श्वासाची गती मोजा, छातीच्या तळाशी क्रेप्स ऐकू येतात का पाहा. उपचार अल्फा-वन अडवणारा हवा, म्हणजे प्राझोसिन. बीटा ब्लॉकर का नको? कारण अल्फाचं आवळणं मोकाट राहील आणि वर हृदयाचा आधार निघून जाईल. फिओक्रोमोसायटोमात आधी अल्फा, मग बीटा, हा नियम सगळ्यांनी पाठ केलेला असतोच. लाळ थांबवायला अॅट्रोपिन द्यावं, तर १४० वर गेलेली नाडी आणखी चढेल. विंचवाचं एकही पान न वाचता एवढं उत्तर उभं राहिलं, तेही कारणांसह.

हे उदाहरण मुद्दाम घेतलं. कोकणात लाल विंचवाच्या दंशाने मुलं दगावत होती त्या काळात महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांच्यापुढेही हा प्रश्न असाच, तयार उत्तराशिवाय उभा होता. दंशानंतरची लक्षणं आणि हृदयावरचे परिणाम त्यांनी बारकाईने नोंदवले. त्या नोंदी १९८२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आल्या. पुढे प्राझोसिनच्या वापरावर त्यांनी वर्षानुवर्षं काम केलं. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आज परीक्षेत दोन ओळींत विचारलं जाणारं हे उत्तर मुळात फिजिऑलॉजीच्या आधाराने, रुग्णाच्या खाटेशेजारी शोधलं गेलेलं आहे. २०११ मध्ये 'बीएमजे'त प्रसिद्ध झालेल्या बावस्करांच्याच चाचणीत नुसत्या प्राझोसिनपेक्षा प्राझोसिनसोबत प्रतिविष दिलेले रुग्ण लवकर बरे झाले. ही दुसरी गोष्ट मात्र तुम्हाला परीक्षेच्या बाकावर बसून तर्काने काढता आली नसती. ती वाचलेलीच असावी लागते. हा फरक लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम पडणार आहे.

या उलगड्यात खरं कौशल्य कुठे होतं, तर रुग्णाच्या कहाणीचं वैद्यकीय भाषेत रूपांतर करण्यात. कॅनडातले वैद्यकीय शिक्षणाचे अभ्यासक जॉर्ज बोर्डाज यांनी दाखवून दिलं, की चांगलं निदान करणारे लोक रुग्णाचं बोलणं जोडीजोडीने असलेल्या विरुद्ध शब्दांत बदलून घेतात: अचानक की हळूहळू, एका बाजूला की दोन्ही, सतत की थांबून थांबून, एकच सांधा की अनेक. 'कालपासून उजवा गुडघा टम्म सुजलाय, गेल्या वर्षीही दोनदा असंच झालं होतं' हे वाक्य त्यांच्या डोक्यात 'तीव्र, एकाच सांध्याचा, पुन्हापुन्हा उद्भवणारा' असं होऊन बसतं. तसं झाल्याबरोबर शंभर सांधेदुखींची यादी गाऊट आणि त्याच्या चार भावंडांवर येते, आणि सांध्यात पू झालेला नाही ना हे आधी पाहायला हवं, हेही आठवतं. अनोळखी प्रश्न समोर आला की म्हणून पहिलं मिनिट उत्तर शोधण्यात घालवू नका. प्रश्नाच्या कडेला पेन्सिलीने तीनच गोष्टी लिहा: जागा कोणती, प्रक्रिया कोणती आणि वेग किती. जागा म्हणजे अवयव किंवा त्याचा भाग. प्रक्रिया म्हणजे जंतुसंसर्ग, रक्तपुरवठा तुटणं, गाठ, विषबाधा, जन्मजात दोष, स्वतःच्याच प्रतिकारशक्तीचा हल्ला, यांपैकी काय. वेग म्हणजे तासांत, दिवसांत की महिन्यांत. ही तीन उत्तरं मिळाली की निम्मे पर्याय आपोआप गळतात.

यावर पहिला आक्षेप येईल तो हुशार विद्यार्थ्यांकडून, आणि तो वजनदार आहे. यंत्रणा समजली म्हणजे उपचार समजला, असं वैद्यकात नेहमी होत नाही. हृदयविकाराच्या झटक्यानंतर अनियमित ठोके पडणाऱ्यांना मृत्यूचा धोका जास्त. मग ते ठोके औषधाने दाबले की धोका कमी होणार, हा तर्क बिनतोड वाटत होता. १९८९ मध्ये 'कास्ट' या चाचणीने दाखवलं, की एन्केनाइड आणि फ्लेकेनाइडने ठोके दबले, पण माणसं जास्त मेली. उलट बाजूने, कमकुवत हृदयाला बीटा ब्लॉकर देणं म्हणजे थकलेल्या बैलाचे पाय बांधणं, अशी समजूत अनेक वर्षं होती. १९९९ मध्ये 'सिबिस-टू' आणि 'मेरिट-एचएफ' या दोन चाचण्यांत अनुक्रमे बिसोप्रोलॉल आणि मेटोप्रोलॉल घेणाऱ्यांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले. तेव्हा तर्काने काढलेल्या उत्तरावर किती विसंबायचं? उत्तर असं, की प्रश्नाचा कोणता भाग सोडवताय यावर ते ठरतं. लक्षणं का दिसतात, गुंतागुंत कोणती होईल, तपासणीत काय सापडेल, हे यंत्रणेवरून बऱ्यापैकी भरवशाने सांगता येतं. कोणत्या उपचाराने माणूस जास्त जगतो, हे चाचण्याच सांगू शकतात. म्हणून वाचायला वेळ थोडाच असेल, तर तो पाठांतरासाठी उपचारांच्या ठरलेल्या पद्धतींवर खर्च करा आणि बाकीचं समजून घेण्यावर भर द्या. बहुतेक विद्यार्थी नेमकं उलट करतात: लक्षणांच्या याद्या घोकतात आणि उपचाराच्या ओळीवर येईपर्यंत रात्रीचे दोन वाजलेले असतात.

दुसरा आक्षेप याहून मूलगामी. विचारशक्ती अशी वेगळी काढून सरावाने वाढवता येते का? एल्स्टाइन, शुलमन आणि स्प्राफ्का यांनी १९७८ साली डॉक्टरांच्या विचारपद्धतीवर पुस्तक लिहिलं; त्यातला सर्वांत गैरसोयीचा निष्कर्ष हा, की एका केसमध्ये उत्तम विचार करणारा डॉक्टर दुसऱ्या केसमध्ये तसाच करेल याची खात्री नाही. त्या त्या विषयाचं ज्ञान असेल तिथेच विचार चालतो. याचा अर्थ, 'मी लॉजिकल आहे, मला पाठांतराची गरज नाही' असं म्हणणाऱ्याची अनोळखी प्रश्नापुढे फजिती ठरलेली. विंचवाच्या प्रश्नात अल्फा-वन रिसेप्टर काय करतो हेच आठवलं नसतं, तर तर्क पहिल्या पायरीवरच बसला असता. मात्र या निष्कर्षातूनच तयारीची दिशा मिळते. स्वायत्त मज्जासंस्था, आम्ल-अल्कली संतुलन, दाह, रक्त गोठण्याचा क्रम, मूत्रपिंडातली गाळणी, हृदयाचं चक्र, प्रतिकारशक्तीच्या अतिप्रतिक्रियांचे चार प्रकार, अशी पंधरा-वीस प्रकरणं आहेत, ज्यांच्यावर बाकी सगळं रचलेलं आहे. ती फायनलला बसतानाही पहिल्या वर्षाइतकी ताजी हवीत. पहिलं वर्ष पास झालं की फिजिऑलॉजीचं पुस्तक ज्युनियरला विकून टाकायची होस्टेलवरची प्रथा या दृष्टीने फार महागात पडते.

आता लेखी पेपर. तिथे रिकामी जागा सोडायचं काहीच कारण नाही, पण पान भरणं आणि उत्तर बांधणं यांतला फरक तपासणाऱ्याला दुसऱ्या ओळीत कळतो. व्याख्या, कारणं, रोग कसा घडतो, लक्षणं, तपासण्या, उपचार, गुंतागुंत, हा सांगाडा सगळ्यांनाच येतो. त्यात प्रत्येक रोगाला लागू पडणारी वाक्यं भरली तर गुण मिळत नाहीत आणि मिळूही नयेत. प्रत्येक मथळ्याखाली या रोगापुरतं एक तरी विधान लिहा आणि ते कशावरून काढलं ते सांगा. औषधाचं नाव अनोळखी असेल तर त्याचं शेपूट बघा: 'सार्टन', 'प्रिल', 'झोसिन', 'ग्लिफ्लोझिन', 'टिनिब' ही शेपटं जागतिक आरोग्य संघटनेच्या नामकरण पद्धतीतून येतात आणि औषधाचा वर्ग सांगून टाकतात. ('मॅब' जुन्या औषधांत भेटेल, २०२१ च्या निर्णयानंतरच्या नव्या अँटिबॉडीजना दुसरी शेपटं लागतात.) वर्ग कळला की काम कसं होतं, वापर कुठे आणि दुष्परिणाम कोणते, हे तीन मथळे सुटले. एक पथ्य पाळा: डोस, टक्केवारी आणि शोधकर्त्याचं नाव अंदाजाने लिहू नका. चुकलेला डोस सगळ्या उत्तरावरचा विश्वास घालवतो.

एमसीक्यूचं गणित वेगळं आणि ते खरोखरच गणित आहे. नीट-पीजीत २०० प्रश्न, बरोबर उत्तराला ४ गुण, चुकीच्याला १ वजा. चार पर्यायांतून डोळे मिटून एक निवडला तरी सरासरीने पाव गुण पदरात पडतो. एक पर्याय खात्रीने खोडता आला तर दोन तृतीयांश, दोन खोडता आले तर दीड गुण. 'निगेटिव्ह मार्किंग आहे, येत नसेल तर सोडून दे' हा सल्ला या योजनेत तोट्याचा आहे. कुणी म्हणेल, सरासरी काय करायची, माझ्या वाट्याला नेमकं नशीब वाईट आलं तर? वीस प्रश्न निव्वळ अंदाजाने सोडवले तर तोटा व्हायला तीन किंवा त्याहून कमी उत्तरं बरोबर यावी लागतात, आणि तशी शक्यता शंभरात बावीस-तेवीस इतकीच आहे. गुण वजा करण्याची पद्धत बदलली तर हा हिशेबही बदलेल, म्हणून त्या वर्षीचं माहितीपत्रक वाचून घ्या. २०२४ पासून या परीक्षेत ४० प्रश्नांचे पाच विभाग आहेत आणि प्रत्येकाला ४२ मिनिटं. म्हणजे एका प्रश्नाला ६३ सेकंद, आणि विभाग संपला की मागे जाता येत नाही. त्यामुळे अनोळखी प्रश्न शेवटी बघू म्हणून ठेवायचा तो विभागाच्या शेवटापर्यंतच.

'पहिलं सुचलेलं उत्तर बदलू नकोस' हाही असाच घरोघरी चालणारा सल्ला. जस्टिन क्रूगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये दीड हजारांहून अधिक विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांवरची खाडाखोड तपासली. निम्म्याहून थोडे अधिक बदल चुकीकडून बरोबरकडे गेले होते, बरोबरकडून चुकीकडे गेलेले सुमारे एक चतुर्थांश. बदलून चुकलेलं उत्तर जिवाला लागतं आणि लक्षात राहतं, म्हणून तो सल्ला टिकून आहे. कारण सापडलं असेल तर बदला, नुसती धाकधूक होतेय म्हणून नको. मात्र नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या एमसीक्यू विभागात एकदा केलेल्या फुलीवर खाडाखोड केली किंवा पांढरी शाई लावली तर गुण नाही, अशी सूचना छापलेली असते. तिथे बदलायचं ते फुली मारण्यापूर्वी.

वायव्हाची भीती सगळ्यांत जास्त, आणि खरं तर अनोळखी प्रश्नाला सगळ्यांत जास्त वाव तिथेच. एक्स्टर्नल परीक्षक तुमची हद्द शोधत असतात. बरोबर उत्तरं देत गेलात की ते खोल जातात, आणि कुठेतरी तुम्हाला येत नाही तिथे थांबतात. म्हणजे न येणारा प्रश्न हा पुष्कळदा आधीचे चार आल्याचा पुरावा असतो. घात करतात त्या दोन गोष्टी: मिठाची गुळणी धरून बसणं आणि ठोकून देणं. यांच्या मध्ये एक वाक्य आहे, ते तोंडात बसवून घ्या: 'सर, या सिंड्रोमचं नाव मी वाचलेलं नाही, पण पेशंटला एका बाजूची कमजोरी आणि विरुद्ध बाजूचा चेहरा वाकडा आहे, म्हणजे दोष ब्रेनस्टेममध्ये असावा असं वाटतं.' काय माहीत नाही, काय दिसतंय आणि त्यावरून काय निघतं, या तिन्ही गोष्टी त्यात येतात. स्पॉटरचंही तसंच. स्लाइड ओळखू येत नसेल तर ऊतक कोणतं, पेशी कोणत्या, त्यांची केंद्रकं कशी, हे क्रमाने बोला. बोलता बोलता नाव आठवल्याची उदाहरणं कमी नाहीत. काही परीक्षकांना पुस्तकातलंच वाक्य हवं असतं आणि तुमचा तर्क ऐकायला वेळ नसतो, हेही खरं. अशा टेबलावर वाद घालू नका, 'वाचून घेतो सर' म्हणा आणि पुढच्या प्रश्नाची वाट बघा. आणि जिथे चुकीच्या उत्तराने खऱ्या रुग्णाचं नुकसान झालं असतं, उदाहरणार्थ अॅड्रिनलिनचा डोस किंवा रक्त चढवण्याचा निर्णय, तिथे तर्क लढवायचाच नाही. 'खात्री नाही, सीनियरना विचारून देईन' हेच तिथलं बरोबर उत्तर.

राहिला सराव. रोडिगर आणि कार्पिकी यांच्या २००६ च्या प्रयोगात पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवलं, पण आठवड्याने बाजी मारली ती पुस्तक मिटून आठवून लिहिणाऱ्यांनी. आपल्या अभ्यासिकांमध्ये अजूनही हायलायटर घेऊन तिसऱ्यांदा वाचन चालू असतं. जुने पेपर सगळेच सोडवतात, पण वाचून झालेल्या प्रकरणांचे प्रश्न निवडून. तुम्ही उलट करा. न वाचलेल्या प्रकरणावरचा एक प्रश्न घ्या, पुस्तक बंद ठेवून दहा मिनिटं जे निघेल ते लिहा आणि मग ते पान उघडा. आपला तर्क कुठपर्यंत बरोबर गेला आणि कोणत्या पायरीवर घसरला, हे लाल शाईने नोंदवा. घसरलेली पायरी बहुधा नव्या प्रकरणातली नसते, दोन वर्षांपूर्वीच्या एखाद्या कच्च्या राहिलेल्या धड्यातली असते. त्या रात्री तो धडा वाचा, नवं प्रकरण उद्या. वॉर्डच्या पोस्टिंगमध्ये जोडीदार गाठा: एकाने केस सांगायची, दुसऱ्याने एक्स्टर्नल व्हायचं आणि ज्याचं उत्तर स्वतःलाही माहीत नाही असा एक प्रश्न रोज विचारायचाच. फायनलला सहा महिने असोत की सहा आठवडे, आज संध्याकाळी एका प्रश्नापासून सुरुवात करा.